माऊ काहून रडून राहिली

नाही वं वैभवी, भांडाले नाही आली मी — तुह्या घरी तू चटणी वाट, नाही तं आणखी काही वाट — फक्त थोडा वेळ मिक्सर बंद ठेव. खाली आमच्या घरी आवाज भरणं चालू हाये. गोलूच्या पुस्तकात. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक हाये, कागदाची खिडकी उघडली का आतमधून मांजर निघते, बाजूचं बटन दाबलं का आजी बोलते — आजी म्हणजे मीच, दुसरी कोण बोलीन? उद्या पोरगा-सून त्याले घेऊन पुण्याले चालले ना, कायमचे. मुग्धानं मुद्दाम मागवलं, नातू आजीले विसरला नाही पायजे म्हणून. दोन वर्षाचं लेकरू, त्याले काय आठवण राह्यते? राह्यतच नाही.

सकाळपासून बोलून राहिली, थकली वं मी. पहिले म्हटलं, "माऊ काहून रडून राहिली? तिले दूध पायजे." मस्त आलं. तरी पुसून टाकलं! काहून नको, तिले नको — "माऊ का रडते आहे? तिला दूध हवं आहे," असं म्हणा. हवं आहे! आपल्या घरी कोणाले काही हवं असते का — पायजे असते. माही जीभ अडखळते, मंग पुन्हा पुसा, पुन्हा म्हणा... काय म्हटलं? सुनेचे नखरे? नाही, तिले नाव नको ठेवू. ती तं म्हणे, आई, राहू द्या, छान आहे. विक्रम बोलला. माह्या पोटचा. तिकडं गोलूले पोरं हसतीन म्हणे — यालेच हसले असतीन कॉलेजात, मले कधी सांगतलं नाही त्यानं. आज एकदम म्हणे, "आई, जरा नीट बोल ना." एवढी वर्षं बोलली त्याच्याशी, तेव्हा नीट नव्हती का बोलत मी?

राग नाही वं, वाईट वाटते. आता एक पान जमलं, अगदी टीव्हीवरच्या बाईसारखं. गोलू माह्या मांडीवरच होता. त्यानं बटन दाबलं, आवाज निघाला — आन् पोरगं दाराकडं पाहाले लागलं, कोण आलं म्हणून. म्हटलं, अरे राजा, मी बोलून राहिली, आजी! त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा दाराकडंच पाहिलं.

विक्रम बाजूलेच बसला होता. म्हणे, आता बरोबर आलं, हेच ठेवू.

नको, तू नको येऊ त्याले समजवाले. जाते मी. लाव दार.