अकलेची आणेवारी

आता मला सांगा, अक्कल काय ज्वारी हाय व्हय, मापात घालून वरनं हात फिरवायला? तर ऐका. आटपाट नगर न्हाई, आटपाट आकुर्डी होती. तिथं एक माणूस राहायचा, त्याचं नाव मी घेत न्हाई, कारण त्याच्याच नावाचं कुंकू लावते. त्याची बायको मी, सोजरबाई, आन आमचा एकुलता जयसिंग. कंपनीनं आमचा माळ घेतला, विहीर घेतली, वर म्हणाली, घरटी एक नोकरी देऊ. बरं. मग म्हणाली, आधी पोराची अक्कल मोजू. जमीन घेताना मोजली व्हती का कुणाची? तवा नुसता अंगठा चालला...

तुम्हाला सांगते, मोजायला दोन सायेब बसलेले, एक चष्मेवाला, एक मिशीवाला. चष्मेवाल्यानं जयसिंगापुढं लाकडाचे रंगीत ठोकळे टाकले, हातात घड्याळ धरलं आन म्हणाला, "या चित्रासारखे लाव. लवकर." आमचं पोरगं कसलं, त्यानं आधी विचारलं, "सायेब, ही खेळणी तुमच्या बाळाची का? घरी रडत आसंल की." तेवढ्यात वेळ संपली. सायेब माझ्याकडं वळला, "आई, याची बुद्धी पंचाहत्तर."

मला वाटलं, रुपयात बारा आणे, म्हंजे पीक चांगलं हाय. मी हसले सुद्धा. तर म्हणतो, "शंभर म्हणजे साधारण. हा त्याच्याही खाली. नोकरी जमायची नाही."

आमच्या मालकांनी लगेच मान डोलावली. "बराबर बोलला सायेब. अक्कल एकच आसती, आन ती ह्याला न्हाई. आईवर गेलाय."

घरचाच वासा फिरला, कुणाला सांगायचं? मी म्हटलं, "अवो सायेब, अक्कल काय ज्वारी हाय? तलाठी बांधावर उभा राहून अख्ख्या गावाची आणेवारी लावतो, आठ आणे. दौलतरावाच्या मळ्यात सोळा, आमच्या माळावर दोन, मग त्या आठ आण्याची भाकर कुणाच्या ताटात पडली? ठोकळ्यात आसंल माझं पोरगं दोन आणे. पर दारात शेजारची कौशल्याबाई खाकरली, की ती साखर मागायला आलीय का चहाडी सांगायला, हे त्याला आतल्या खोलीतनं कळतं. ते कुठल्या मापात घालता?"

मिशीवाला ताडकन उठला. "हेच मी म्हणतो. बुद्धी एक नसते, अनेक असतात. हाताची वेगळी, शब्दांची वेगळी, माणसं ओळखायची वेगळी."

"अहो, मुळाशी एकच असते. बाकी सगळ्या तिच्या फांद्या."

"फांद्या कसल्या, झाडंच निराळी."

दोघं शिकलेले, दोघं हमरीतुमरीवर, आन माझ्या पोराची नोकरी त्यांच्यामधी लोंबतीय... जयसिंग उठला, माठातलं पाणी आणलं आन चष्मेवाल्याला आधी दिलं. मी चिमटा काढला, "आपल्या बाजूचा मिशीवाला हाय रं." तर हळूच म्हणतो, "आये, चिडलेल्याला आधी द्यावं."

मग अक्कल एक का अनेक, हे कसं ठरलं? मिशीवाल्याची खुर्ची वरची निघाली. झालं, अनेक ठरली. सही झाली, जयसिंग कंपनीच्या गेटावर लागला, येणारा माणूस माल घेऊन आलाय का भांडण घेऊन आलाय, ते बघायला. मी आळीभर गूळ वाटला. कौशल्याबाईला दोनदा, खाकरायच्या आत.

आमचं नशीब उघडलं, तसं तुमचंही उघडो, पर जरा जपून. कारण जन्मभर ह्या माणसाला मी एकाच वाक्यात गप बसवत आले, तुमास्नी अक्कल न्हाई. आता ओट्यावरनं उलट विचारत्यात, "कुठली न्हाई ते नीट सांग. लई प्रकारच्या आसत्यात, सायबांनी सही करून दिलीय." दिवसभर तंबाखू चोळीत आपली कुठली ते शोधत बसत्यात. सापडंना. पर मी चुलीवरनं तवा उतरवायला आन ह्ये पाटावर येऊन बसायला एकच गाठ... तीच ह्यांची अक्कल आसावी, म्हणते मी, आन वाढते.