भारतीचा इंग्रजी उखाणा

खेड्यातल्या पोरांना इंग्रजी कविता शिकवून मी काय उजेड पाडतो, असं तुम्ही नेहमी विचारता ना? मग परवाच्या लग्नाचं ऐका.

नवरी आमची भारती. मी दहावीला फ्री व्हर्स, म्हणजे मुक्तछंद शिकवत होतो, तेव्हा हीच पोरगी उठून भांडली होती, "सर, यमकच नाही, तर ती कविता कसली?"

वऱ्हाड जळगाव शहरातलं, पिंप्राळ्याचं. घास भरवायची वेळ आली, तशी नणंद म्हणाली, "वहिनी, उखाणा इंग्रजीत हवा हं. जमेल ना, खेड्यात शिकून?"

माझाच घास हातात राहिला. भारतीने पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कॉटन इन द फील्ड इज सॉफ्ट अँड व्हाइट, राहुल इज द लॅम्प अँड आय अ‍ॅम द लाइट!"

मी पंगतीतूनच ओरडलो, "मेटाफर! दिव्यासारखा नाही, थेट दिवाच केला नवऱ्याचा!"

शेजारचे आबा म्हणाले, "मास्तर, बठ्ठा मांडव तुमनाकडे देखी ऱ्हायना."

म्हटलं, देखू द्या सगळ्या मांडवाला! विद्यार्थिनी माझी आहे.

मग सगळे उखाण्यासाठी राहुलरावांच्या मागे लागले. ते घामाघूम झाले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "भारती... मला फार आवडली."

सगळा मांडव हसला. नणंद तर सगळ्यात जास्त. भारती तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "हसू नका ताई. यमक नाही, पण कविता आहे. पाहिजे तर आमच्या सरांना विचारा."