मामांच्या चपला

आमच्या डोंगरकड्याच्या मामांचं तुमाला सांगितलं का न्हाई? मामा पट्टीचे लोहार. त्यांच्या भट्टीवर तहसीलदार जरी आला, तरी ऐरणीजवळ जायचं तर चपला बाहेर.

तर त्यांना मी शहरातलं म्युझियम दाखवायला नेलं. तिथं जुन्या काळची लोहाराची भट्टी जशीच्या तशी उभी केली हाय. भाता, ऐरण, घण, आन् कामाला बसलेला मातीचा लोहार. मामांनी एक नजर टाकली आन् दोरी ओलांडून चपलांसकट आत!

मी म्हणलं, "मामा, चपला!"

"काहून? ही काय भट्टी हाय? सोंग हाय नुसतं."

शिपाई ओरडत आला. मागून तिथल्या मॅडम आल्या. मामा मॅडमलाच म्हणले, "बाई, ह्याच्या डाव्या हातात सांडशी, आन् पाण्याची कुंडी उजवीकडं ठिवली तुमी. लाल झालेलं लोखंड मांडीवरून न्यायचं का त्यानं?"

मॅडमनी पुतळ्याची सांडशी बघितली, कुंडी बघितली. मग म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच लावून द्या ना नीट."

मामांनी कुंडी डावीकडं घेतली, ऐरण चार बोटं खाली बसवली. मॅडम पदर खोचून हात लावू लागल्या. तासाभरानं आमी बाहेर आलो, तर मामांचा चष्मा ऐरणीवरच राहिलेला.

शिपाई म्हणला, "जा बाबा, घेऊन या."

मामा दोरीपाशी थांबले, आन् चपला काढल्या.