दुसऱ्या टोकाची पेटी

चंडीगडच्या एका नेत्रतपासणी विभागात मी मांडीवरच्या माझ्या लेकीची, स्वरालीची, बोटं तिच्या थेंब घातलेल्या डोळ्यांपासून दूर धरून बसले होते. मागच्या बाकावरून मराठी ऐकू आली. डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या वडिलांना मुलगी फोनवरचं काहीतरी वाचून दाखवत होती.

“बाबा, नियम म्हणतो, अकरा हजार व्होल्टच्या केबलमधलं तांब्याचं आवरण एका किंवा अधिक ठिकाणी अर्थ करावं, म्हणजे जमिनीशी जोडावं. ठेकेदाराने एका टोकाला केलंय. मग मी वीजजोडणीच्या मंजुरीवर सही करू ना?”

“केबल किती लांब आहे, आश्लेषा?”

“सातशे मीटर. झिरकपूरची सोसायटी आहे. उद्या लोक राहायला येतायत. बिल्डरचे सकाळपासून नऊ फोन झाले.”

“नऊच? माझ्या वेळी घरी यायचे.”

“बाबा, सांगा ना.”

“नियमात बसतंय. पण फॉल्ट झाला, तर मोकळ्या टोकाच्या आवरणावर व्होल्टेज चढेल. त्या टोकाची केबलची पेटी कोण उघडतं?”

“बलबीरजी, लाइनमन. पण पेटीवर धोक्याची पाटी लावलीय.”

“कुठल्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

“त्यांना वाचता येतं?”

“पंजाबी येतं.”

मुलीने बिल्डरला फोन लावला.

“हाँ जी, दूसरा सिरा भी अर्थ करवाइए. साइन उसके बाद. नहीं जी, आज नहीं. और बलबीर जी को अभी बता दीजिए, तब तक वो पेटी न खोलें.”

“काय म्हणाला?”

“इतकी हट्टी इंजिनिअर पाहिली नाही म्हणाला.”

“तुझ्या आईशी गाठ पडली नाही अजून त्याची.”