एंटरची जागा

एंटरच्या बटणावर करंगळीच्या टोकाएवढा, जेमतेम मिलिमीटरभर खोल खळगा पडला होता. दुरुस्तीच्या दुकानात पुढचा नंबर असलेल्या शिक्षिकेला तो आधी दिसला. कीबोर्ड एका वकिलांचा होता. शेजारी त्यांची बायको उभी होती.

“एंटर डावीकडे घ्या,” वकील कारागिराला म्हणाले. “हिची उजवी करंगळी संपावर गेलीय.”

“सॉफ्टवेअरनं होईल की, साहेब.”

“माझ्या जुन्या मशीनवर ते चालत नाही.”

“मग आतलं कनेक्शन कापून वायर जोडावी लागेल. परत पहिल्यासारखं होणार नाही.”

“नाही तर नाही. करंगळी तरी कुठे परत वाकणार आहे?”

“ताई, डावीकडचं कुठलं बटण घेऊ?”

“तिला काय विचारता? कॅप्सलॉक घ्या.”

“काही कापू नका, दादा. वीस वर्षं यांचे दावे टाइप केले. यापुढे मी करणार नाही.”