दुसऱ्यांदा भरलेला फॉर्म

समारंभाच्या अध्यक्षा माननीय कुलगुरू महोदया, व्यासपीठावरील कुलसचिव आणि विद्यार्थी कल्याण विभागाचे संचालक, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या एक ताई, ज्यांना मी मुद्दाम बोलावलं आहे, आपणा सर्वांना नमस्कार.

संचालकांनी माझं इतकं कौतुक केलं की मधेच वाटलं, हे गृहस्थ कोण, एकदा भेटायला हवं यांना. समुपदेशन केंद्रात बावीस वर्षं काढली, ती एकाच डुगडुगत्या खुर्चीवर. मी निवृत्त झाल्यावर ती बदलणार, असं आजच कळलं. असो.

आमचं काम काय? मूल दारात आलं की त्याला फॉर्म द्यायचा. झोप, भूक, भीती, जगण्याचा कंटाळा, असे सोळा प्रश्न. उत्तरांची बेरीज करून पायरी ठरवायची. बेरीज कमी असेल तर आठवड्यातून एकदा गटात बसायचं, मध्यम असेल तर समुपदेशक, जास्त असेल तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. ज्याला जेवढं लागतं तेवढं. ही पद्धत मीच आणली आणि तिचा मला फार अभिमान होता. अहो, दोन समुपदेशक आणि नऊ हजार मुलं, दुसरं करणार तरी काय?

सहा वर्षांपूर्वी रसायनशास्त्राची एक मुलगी आली. बेरीज एकतीस, म्हणजे डॉक्टर. डॉक्टर आठवड्यातून एकच दिवस यायचे, तिला नंबर तीन आठवड्यांनंतरचा मिळाला. तोवर ती रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसायची. तिथेच तिला दुसरी एक मुलगी भेटली, सारखी रडणारी आणि नंबरात हिच्याही मागे असलेली.

एक दिवस ही रसायनशास्त्राची मुलगी आत आली. म्हणाली, "सर, आता बरं वाटतंय मला. पुन्हा भरू का फॉर्म?" भरला. बेरीज नऊ. मी खूश. तिला गटात घातलं आणि डॉक्टरांकडची तिची वेळ त्या रडणाऱ्या मुलीला दिली.

आमच्या मावशी दारात बसून नंबर लावतात. त्या दुपारी आत आल्या. "सर, तिला बरं नाहीये. त्या पोरीला म्हणत होती, तू जा आधी, माझं मी बघते. डबासुद्धा उघडत नाही ती." मी मावशींपुढे फॉर्म धरला. "मावशी, अक्षर तिचंच आहे ना?" "अक्षर तिचंच आहे हो," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

अकरा दिवसांनी त्या रसायनशास्त्राच्या मुलीने आत्महत्या केली. तोवर माझ्या अहवालात तिची नोंद 'सुधारणा' या रकान्यात झालीही होती.

दुसरी मुलगी बरी झाली, पदवी घेऊन गेली. तिच्यासाठी कुणी फॉर्म खोटा भरला होता, हे तिला ठाऊक नाही आणि माझ्याकडून कधी कळणार नाही. तिचा काय दोष?

आता कुणाची बेरीज अशी एकदम उतरली, तर कुणीतरी तासभर त्याच्यासोबत बसल्याशिवाय त्याची वेळ आम्ही दुसऱ्याला देत नाही. फॉर्मवर मावशींसाठीही एक रकाना आहे. लोक म्हणतात, चांगला बदल केलात. मला तो रकाना दिसला की मावशींपुढे धरलेला फॉर्म आठवतो. आणि महोदया, डॉक्टर आजही आठवड्यातून एकच दिवस येतात. मुलांनी एकमेकांसाठी आपली जागा सोडावी, इतकी कमी जागा आपण ठेवली आहे. सत्काराच्या दिवशी हे बोलू नये, कळतं मला. उद्यापासून मात्र मला कुणी विचारणार नाही.

शेवटच्या रांगेतल्या ताई त्या मुलीच्या आई. त्यांना विचारूनच मी हे सगळं सांगितलं. मुलगी गेल्यावर तिचं सामान न्यायला आल्या, तेव्हा त्या आमच्या केंद्रातही आल्या होत्या. पहिला फॉर्म मागितला, उभ्यानेच वाचला आणि म्हणाल्या, "मला ती यातलं काही बोलली नव्हती. तुम्हाला बोलली होती."

 

आपण सारे वेळ काढून आलात, या माणसाला इतकी वर्षं चालवून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द कमीजास्त झाला असेल, तर सांभाळून घ्या.

ताई, तुम्हाला मात्र मी हे म्हणत नाही. तुम्ही सांभाळून घेऊ नका.