खाट किती उंच आहे?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि माझ्या नोकरीच्या काळातले मुख्याध्यापक, आदरणीय जालमसिंग पाडवी सर; या व्यायामशाळेचे संस्थापक, आणि आज आपलं खताचं दुकान दुपारपासून बंद ठेवून आमची सरबराई करणारे नवनीतभाई; जिला निरोप देताना आपला कुणाचाच पाय निघणार नाही ती सत्कारमूर्ती प्रिस्किला वसावे; व्यासपीठावरील मान्यवर, आणि अक्कलकुव्यातून, खापरहून, वरच्या पाड्यांवरून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘खापरच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवणारे नवल गुरुजी’ अशी करून दिली. ओळख खरी आहे. पण या जिमशी माझा संबंध काय, असं तुम्हाला वाटलं असेल. जिम दुकानाच्या वर, जिना चढून. मी तिथे कधी गेलेलो नाही. माझ्या आधी बोललेल्या तरुण मित्रांनी प्रिस्किलाताईंमुळे कुणाकुणाचं वजन उतरलं ते सांगितलं. मी आलोय ते ज्याचं वजन उचललं गेलं, असा माणूस म्हणून. थोडं सविस्तर सांगायला हवं. अध्यक्षमहाराजांची परवानगी गृहीत धरतो.

निवृत्त झालो त्याच वर्षी गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला चढलो आणि उतरताना जिन्यावरून खाली आलो. सुरतेच्या डॉक्टरांनी फिरवून फिरवून न सांगता सांगितलं, की कमरेखालचं आता परत येणार नाही. हात शाबूत, वाचा शाबूत. वाचा शाबूत राहिल्याचा त्रास आज तुम्हाला होतोय, त्याला माझा इलाज नाही.

घरी आम्ही दोघंच. मी आणि आमच्या सौभाग्यवती छबूबाई. मुलगा भाग्येश सुरतेला नोकरीत. शेजारचे इंद्रसिंग आणि त्यांचे भाऊ सकाळ-संध्याकाळ येऊन मला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांनाही शेती आहे, लग्नकार्यं आहेत. ते गावाला गेले की मी दिवसचे दिवस खाटेवर. अशानेच पाठीला जखम झाली. डॉक्टर म्हणाले, या माणसाला दिवसातून अनेकदा उठवलं, बसवलं नाही, तर ही जखमच त्याला नेईल. भाग्येश म्हणाला, आता सुरतेला चला, तिथे माणूस ठेवतो. मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या गावात रस्त्यावरचं प्रत्येक पोर मला ‘गुरुजी’ म्हणतं, ते सोडून सातव्या मजल्यावरच्या खोलीत पडून राहायचं, या विचाराने माझं जेवण तुटलं.

तेव्हा छबूबाई म्हणाल्या, “यासले मी उचलसू.”

त्या समोर बसल्या आहेत, तुम्ही बघू शकता. मान खाली घातलीय. तब्येत तेव्हाही एवढीच होती. साठीला आलेली बाई, आणि मी हा असा भरलेला गडी. मला वाटलं, दुःखाच्या भरात बोलली. पण दुसऱ्या सकाळी ती जीपमध्ये बसून जिम शोधायला निघाली.

अलीकडे पुष्कळ मुलं मला विचारतात, गुरुजी, कुठली जिम लावू? मला, या खुर्चीतल्या माणसाला विचारतात. मी त्यांना छबूबाईंचा शोध सांगतो.

पहिली जिम मोठ्या गावातली. काचेचं दार, गार हवा, भिंतभर आरसे. काउंटरवरच्या मुलाने अदबीने बसवलं आणि विचारलं, वजन कमी करायचंय की वाढवायचंय? छबूबाईंनी सांगितलं, माणूस उचलायचा आहे. मुलाने साहेबांना बोलावलं. साहेबांनी शांतपणे आहाराचा तक्ता हातात दिला. दुसरी जागा जुन्या तालमीसारखी होती. पैलवान मंडळी मनाने फार मोठी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काकू, बायकांचं आमच्याकडे नाही, पण आमची दोन मुलं रोज पाठवतो, गुरुजींना उचलून देतील. छबूबाईंनी विचारलं, “तुम्ही कितला दिन येशात?” आणि नमस्कार करून त्या निघाल्या.

मग नवनीतभाई, तुमच्या दुकानावरच्या पत्र्याच्या छपराखाली या आल्या. तिथे ही चिंचपाड्याची मुलगी, प्रिस्किला, घामाघूम होऊन मशीन पुसत होती. तिने विचारलं, “मावशी, तुम्हाला काय करता यायला हवंय?”

“आमना गुरुजीसले खाटवरथीन खुर्चीमा बठाडनं शे.”

प्रिस्किला म्हणाली, “खाट किती उंच आहे?”

मित्रहो, छबूबाईंनी घरी येऊन मला हे सांगितलं. दोन ठिकाणी लोकांनी या बाईकडे पाहिलं होतं. इथे एका मुलीने तिच्या घरातल्या खाटेकडे पाहिलं, खाट न बघता. जिम निवडायची म्हणजे दुसरं काय बघायचं? आरसे घरीही असतात. तुम्हाला काय करायचंय हे तिथे कुणी विचारतं का, आणि उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारतं का, एवढं बघा.

पुढच्याच रविवारी चर्च आटोपून प्रिस्किला खापरला आली. खाट पाहिली, खुर्चीचे ब्रेक लावून पाहिले. मग मला म्हणाली, “सर, तुमचे हात चांगले आहेत. तुम्हालाही काम करावं लागेल.” अपघातानंतर मला कुणी काम सांगितलं होतं ते पहिल्यांदाच. आणि अजून एक सांगतो. तिने कबूल केलं, की ताकद कशी वाढवायची ते मला येतं, पण आजारी माणसाला कसं धरायचं ते येत नाही. ते तिने आपल्या सख्ख्या मावशीला, फुलीबाईंना, विचारलं. त्या आयुष्यभर परिचारिका होत्या. त्या येऊन राहिल्या आणि दोघींना शिकवून गेल्या.

मग सुरू झालं. पहिले काही आठवडे छबूबाईंनी लोखंडाला हातही लावला नाही. नुसतं स्टुलावर बसायचं आणि उठायचं. गुडघा सुजला की प्रिस्किला थांबवायची आणि घरी पाठवायची. मग हलकी वजनं. मग तिने एक पोतं आणलं, त्यात वाळू भरली. म्हणाली, मावशी, लोखंडी दांडा सरळ राहतो, माणूस घसरतो, तेव्हा घसरणारं काहीतरी उचलायला शिका. साडीखाली ट्रॅकपँट घातलेली आमची बाई पोत्याला कवेत घेऊन उठायची. जिममधली मुलं आधी टक लावून बघायची. नंतर त्यांनीच तिच्यासाठी जागा मोकळी ठेवायला सुरुवात केली. इकडे खाटेच्या वर बांधलेल्या दोराला लोंबकळून मी माझे हात तयार करत होतो.

एका सकाळी छबूबाई म्हणाल्या, आज.

आम्ही पडलो. दोघंही खाटेजवळ जमिनीवर. लागलं नाही, पण इंद्रसिंगांना हाक मारावी लागली, आणि बातमी सुरतेला पोचली. भाग्येश दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन दारात. रडवेला झाला होता. आईला म्हणाला, “आई, तुले काही व्हई गयं तं तुम्हना दोन्हीसकडे कोण देखी?” त्याच्या पत्नीने, काजलने, माझे कपडे भरायला घेतले. आणि खरं सांगतो, मीही मनातून खापरचा निरोप घेतला होता.

प्रिस्किला निरोप मिळताच आली होती. ती मुलाशी वाद घालत बसली नाही. तिने फक्त विचारलं, पडलात कसे? छबूबाई म्हणाल्या, “मन्हा पाय नही घसरना, खाट सरकनी.” प्रिस्किलाने वाकून खाटेचे पाय पाहिले. मग दोघींनी मिळून खाट ओढली आणि भिंतीला टेकवली. भाग्येश पुढे झाला तसं छबूबाईंनी त्याला हाताने अडवलं.

“पहिले देख. मंग बोल.”

छबूबाईंनी जिममधला रुंद पट्टा माझ्या कमरेला बांधला. माझे पाय जमिनीवर ठेवले. आपले गुडघे माझ्या गुडघ्यांना लावले. मी तिच्या पाठीवर हात बांधले. प्रिस्किला बाजूला उभी होती, हात पुढे, पण स्पर्श न करता. छबूबाईंचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता. तिने मला आधी थोडं पुढे घेतलं, मागे नेलं, पुन्हा पुढे घेतलं, आणि मी उठलो.

लोकहो, मी मराठीचा शिक्षक. विशेषणं वाटण्यात हयात गेली. त्या क्षणाला विशेषण लावत नाही, घडलं तेवढं सांगतो. जी बाई लग्न होऊन आली तेव्हा भरलेला हंडा डोक्यावर घ्यायला मदत मागायची, तिच्या पाठीचं हाड न् हाड माझ्या हातांखाली ताठ झालेलं मला कळत होतं. अपघातानंतर पहिल्यांदाच माझं डोकं तिच्या डोक्याच्या वर होतं. तिचा भांग मला वरून दिसला. मग ती वळली, मी तिच्यासोबत वळलो, आणि खुर्चीत बसलो. हळू. एखादी काचेची वस्तू ठेवावी तसा.

काजलने भरलेली बॅग उघडली आणि माझे कपडे पुन्हा कपाटात ठेवायला लागली. भाग्येश बाहेर जाऊन पुष्कळ वेळ गाडीपाशी उभा होता. आत आला तेव्हा त्याने आईला एवढंच विचारलं, मलाही शिकवशील?

पाठीची जखम भरली. आता दिवसातून पाहिजे तितक्या वेळा मी उठतो, बसतो, ओट्यावर जातो. आज इथेही तिनेच जीपमध्ये घातलं आणि तिनेच उतरवलं. दारातल्या मुलांनी मदतीला हात पुढे केले, त्यांचे आभार. पण तिने मदत घेतली नाही, हे तुम्ही पाहिलंत. आणि आता जिममध्ये सकाळी अजून काही बाया येतात. कुणाची मुलगी चालत नाही, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. वाळूची पोती वाढली आहेत.

प्रिस्किलाताई, आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून तुमची नेमणूक झाली, याचा आनंद आहे. त्या मुलींचं भाग्य मोठं. सकाळची बायांची तुकडी उद्यापासून कोण घेणार, हे नवनीतभाई जाहीर करणारच आहेत, पण माझ्याच्याने राहवत नाही. छबूबाई घेणार आहेत. त्या मला खुणेने गप्प बसायला सांगताहेत, म्हणजे बातमी पक्की समजा.

आयोजकांनी मला बोलावलं, बोलू दिलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला उणा-अधिक शब्द गेला असेल, तर पोरांच्या वह्यांत आयुष्यभर चुका काढलेल्या या म्हाताऱ्याची चूक तुम्ही मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि शेवटी एक विनंती. प्रिस्किलाताईंसारख्या माणसासाठी उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतात. माझ्याकडून टाळ्या होतील. उभं तेवढं तुम्ही माझ्या वतीने राहा.

धन्यवाद.